तीन वाजून दहा मिनिटं

मला यादी करायला बसवलं होतं.
काय काय आहे आपल्याकडे ते लिही, एवढंच.
ग्रोफुग्ल प्लॅटफॉर्म किनाऱ्यापासून एकशेचाळीस किलोमीटर,
आणि त्याची कंट्रोल रूम आता इथे, स्तावांगेरमध्ये,
खाली गालिचा, कॉफीचं मशीन, चौदा स्क्रीन.
समुद्राचा आवाज येत नाही.

आधी पंप मोजले, मग व्हॉल्व्ह,
मग त्यांना हलवणारे करडे डबे,
त्यांतले निम्मे मी शाळेत होते तेव्हाचे.
पासवर्ड विचारायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं,
त्यांच्यापर्यंत पोचायला तेव्हा हेलिकॉप्टर लागायचं.
समुद्र हीच कडी होती.

मग आपण तळच्या चिखलातून
केसाएवढी काच ओढून नेली,
आणि कडी कुठे गेली
ते कुणी लिहून ठेवलं नाही.

चौथ्या रात्री दिसलं.
तीन वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी आत आलं,
दोन नंबरच्या पंपापाशी गेलं,
अकरा सेकंद थांबलं,
निघून गेलं.
पाचव्या रात्रीही. अकराच सेकंद.
नाव: एल. गेडिस.

मी उठून खिडकी लावली.
का, ते विचारू नका.

प्लॅटफॉर्मवर फोन केला. हाल्वार होता पाळीवर.
"गेडिस? ॲबर्डीनचा लॉक्लन. पंपवाल्यांचा माणूस.
तो गेला ना गं, गुन्वोर. चार वर्षं झाली."
मग बराच वेळ नुसता वारा.

जुन्या फायलीत कागद सापडला.
त्या हिवाळ्यात बेअरिंग तापायचं,
धुक्यात तीन-तीन दिवस हेलिकॉप्टर उडायचं नाही,
म्हणून लॉक्लनला घरबसल्या बघायला
मागचं दार उघडून दिलं होतं.
मुदत: तात्पुरती.
खाली हाल्वारची सही.

तिथे मिठाने सगळं गंजतं,
जिने, साखळ्या, माणसांचे गुडघे.
तात्पुरतं तेवढं गंजत नाही.

ॲबर्डीनमध्ये कुठल्याशा टेबलाखाली
त्याचं मशीन अजून चालू होतं.
रोज रात्री पंपाला विचारायचं, अंगात ताप किती,
आणि उत्तर पाठवायचं
कुणी न उघडणाऱ्या पेटीत.
पासवर्ड: कुत्रीचं नाव, पुढे शून्य एक.

माझ्याकडे एक तक्ता आहे.
आडवी शक्यता, उभं नुकसान,
हिरवा, पिवळा, लाल.
मेलेल्या माणसाला कुठला रंग द्यायचा?
अकरा सेकंदांत ताप विचारता येतो.
अकरा सेकंदांत दाबाचा आकडाही बदलता येतो.
आणि त्याच नावाने, त्याच दारातून
आणखी कुणी येऊन गेलं का,
सांगता येत नाही.
नव्वद दिवसांपलीकडच्या नोंदी आपण ठेवत नाही.

मी लाल लिहिलं.

हाल्वार म्हणाला, "आजची रात्र येऊ दे त्याला."
मी म्हटलं, हे असं चालत नाही.
पण नियमच निघाला त्याच्या बाजूने:
चालत्या पंपाची वायर तोडायची तर
आधी परवाना हवा,
आणि पंपाशी उभा एक माणूस,
व्हॉल्व्हवर हात ठेवून.
परवाना निघेपर्यंत दोन वाजले.

तीन वाजून नऊ. रेडिओवर त्याचा श्वास.
हेल्मेटवर गारा वाजत होत्या, त्याही ऐकू आल्या.
तीन वाजून दहा. तो आला.
मी मोजत होते, हाल्वारही मोजत असावा.
अकरा.
गेला.

मी खातं मिटवलं.
एक बटण, मग "नक्की?", मग पुन्हा तेच बटण.
त्याच्या नावावर पाणी सोडायला
तेवढंच लागलं.

यादीत अजून सदतीस "तात्पुरती" आहेत.
एकोणीस जणांचे फोन लागत नाहीत.

दुसऱ्या रात्री कॉफी ओतून घेत होते,
टेबलावरचा फोन वाजला.
घड्याळ बघायची गरज नव्हती.

"एकाहत्तर अंश," हाल्वार म्हणाला,
"हात लावून बघितलं,"
आणि ठेवला फोन.